तोंडाची वाफ

हेक्समच्या लिलावघरात मंगळवारी
फुकटात किंमत सांगत.
इझबेल डॉड बसनं आली. बिस्किटांच्या डब्यात,
जुन्या टॉवेलच्या घडीत,
चांदीचा झाकणाचा पेला घेऊन.
"दोन पाइंट मावतात," म्हणाली, "एक घोट कमी."

मी तेव्हा नवा. रे साहेबांच्या उजव्या हाताला बसून
पावत्या लिहायचो, भिंग पुसायचो.

त्यांनी पेला उपडा केला.
बुडाला एक वेडीवाकडी खरवड,
कोंबडीनं नखानं ओढल्यासारखी.
"हा कस," मला म्हणाले. "पारख्यानं
इथून चिमूटभर काढली, तोलली, जाळली.
हिणकस निघती तर पेला तिथंच ठेचला असता.
आधी ही जखम. शिक्के नंतर."

शिक्के पाच हवेत.
तीन किल्ले सापडले: म्हणजे न्यूकॅसलचा, टाइनकाठचा.
सालाचं अक्षर अर्धं: बी असेल, आर असेल,
मधली पंधरा वर्षं अधांतरी.
बिबट्याचं तोंड नुसता फुगवटा.
कारागिराच्या जागी सपाटी.
आणि सिंह नाही.
एक पाय उचलून चालणारा तो,
ज्याच्या भरवशावर चांदीला चांदी म्हणायचं,
तो चालता चालता निघून गेलेला.

"इतका कुणी घासला?"

"सगळ्यांनी. सासूनं, तिच्या सासूनं.
मी बावन्न वर्षं. दर शनिवारी,
खडूची पूड आणि अंगठा.
काळा पडू द्यायचा होता का?"

रे साहेबांनी पेला तोंडाजवळ नेला,
पिणार असल्यासारखा,
आणि हाः केलं.

चांदी धुरकटली.
त्या धुक्यात एक पंजा. शेपटीचा आकडा.
शेजारी शंकरपाळ्याएवढी नव्हे, तिळाएवढी
पण शंकरपाळ्याच्याच आकाराची चौकट,
आत दोन अक्षरं.
"विधवेचा ठसा," ते कुजबुजले.
नवरा गेल्यावर भट्टी विझू न देणारी
कुणीतरी.
तिचं नाव वाचेपर्यंत वाफ विरली.

मग पोटावर, कानाच्या बरोबर समोर, पुन्हा हाः.
पानाच्या आकाराची एक शिवण उमटली.
"इथं चोच होती."

इझबेल हसली, दातांना हात लावून.
"आजेसासऱ्यांनी बसवली. कथबर्ट डॉड.
चॅपलमध्ये सगळ्यांदेखत दारू सोडली,
पण पेला काही टाकवेना;
त्याचा दुधाचा जग केला.
मुलगा खंदकांतून परत आला,
चोच कापली, ठिगळ लावलं, बिअर ओतली.
पुढं बाप-लेक एका टेबलाशी जेवले नाहीत."

साहेबांचे कान लाल झाले.
वाईट सांगायचं असलं की व्हायचे.
चोचीची चांदी कसाला लावली नव्हती.
ठिगळाचीही नाही.
कायद्यानं हा पेला असा विकता येत नाही,
वितळवता येतो.

"मग किंमत?"

"वजनाची. पंचवीस औंस, थोडी वर."

"तर साहेब, तोंडाची वाफ दवडलीत म्हणायची,"
ती म्हणाली, आणि टॉवेलची घडी उलगडली.
मग थांबली.
"तो सिंह. एकदा दाखवा परत."

त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला.
"तुम्हीच पाहा."

तिचा दम तो केवढा. दोनदा खोकली.
तिसऱ्या वेळी नखाएवढं धुकं आलं,
त्यात शेपटीच. किंवा
शेपटी असावी असं आम्ही तिघांनी ठरवलं.
तिचा अंगठा सवयीनं पुसायला पुढं आला
आणि हवेतच राहिला.
मंगळवार होता.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं मला कळेना.
"वस्तू मालकिणीनं परत नेली,"
असं लिहिलं,
आणि कागद टिपायच्या आधी
बारा चाळीसची बस गेल्याचा आवाज आला.
ती अजून पायरीवरच होती,
डबा पोटाशी धरून.